कच्च्या लिंबांसाठी

खोका आधी हातावर तोलून बघते मी.
तीन किलोच्या वर गेला
की आत ड्रॅगन असणारच,
आणि अठ्ठेचाळीस पानांचं नियमपुस्तक,
ज्यातला पहिला नियम म्हणतो
आधी सातवा वाचा.

माझा रकाना गुरुवारी येतो,
हाले शहराच्या पेपरात, पान अकरा,
"वापरलेला फ्रिज विकणे आहे"च्या शेजारी.
एकशे ऐंशी शब्द, पाचपैकी तारे.
तज्ज्ञांसाठी मी लिहीत नाही,
त्यांचे वीस बाजूंचे फासे त्यांना लखलाभ.
मी लिहिते कच्च्या लिंबांसाठी,
ज्यांना दर फेरीला विचारावं लागतं,
"आता माझं काय?"
आणि ज्यांचा एक कान
गॅसवरच्या सूपकडे असतो.

प्रयोगशाळा म्हणजे माझं स्वयंपाकघरातलं टेबल,
एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी.
भिडू तीन.
लोथार, एकतीस वर्षं ट्राम चालवलेला,
दान वाईट पडलं की फाशालाच दरडावतो.
फुआंग, कोपऱ्यावरच्या फुलांच्या दुकानातली,
पऱ्यांच्या राणीला ती
"ती कोमेजलेली" म्हणते.
आणि हेन्रिके, वय तेरा, सगळे नियम पाठ,
तिला आमची कीव येते.

मागच्या महिन्यात जादूगारांचा लिलाव खेळलो.
लोथारचा पहिल्याच फेरीत बेडूक झाला.
तो खाली जाऊन सिगारेट ओढून आला,
तरी बेडूकच.
दीड तास बेडूक.
एक तारा, तोही खोक्यावरच्या चित्राला.

या वेळी धुक्याचा पूल.
पूल ओलांडायचा तर राखणदार राक्षसाला
एक शब्द द्यायचा.
दिलेला शब्द डाव संपेपर्यंत
तोंडातून काढायचा नाही. नियम एकतीस.
राक्षस मी झाले.

हेन्रिकेनं "नियम" दिला,
आणि मग भांडणात तिची जी पंचाईत झाली!
लोथारनं "थांबा" दिला, सोपा म्हणून,
आणि आठ वेळा बाद झाला.

फुआंगनं खूप वेळ घेतला.
मग तिच्या भाषेतला एक शब्द दिला,
एवढासा, एका श्वासाचा,
शेवटाला जरा वर चढणारा.
अर्थ विचारला तर मान हलवली.
हेन्रिकेनं पुस्तक पालथं घातलं,
परभाषेबद्दल एक ओळ नाही.
राक्षस म्हणाला, चालेल.

त्यानंतर ती मधेच गप्प व्हायची.
सोंगटी हातात धरून, वाक्य अर्ध्यावर.
तो शब्द आडवा आला होता
की ती फक्त विचार करत होती,
कळायला मार्ग नव्हता.
भिंत उभी होती तेव्हा आली ती,
इथल्या शिवणकारखान्यात, वीस वर्षांची.
इतकी वर्षं मी तिच्याकडून ट्यूलिप घेते,
आणि ती कुठे कुठे गप्प होते
हे त्या रात्री पहिल्यांदा बघत होते.

अकरा वाजले. पूल कुणीच ओलांडला नाही.
दारात बूट घालताना तिनं हेन्रिकेला विचारलं,
"डाव संपला ना?"
"संपला."
मग जिन्याकडे तोंड करून
तो शब्द एकदा म्हणाली,
आणि कठड्याला धरून खाली गेली.

आता लिहायला बसलेय.
पुठ्ठा पातळ. राक्षसाचा पाय निखळला,
आम्ही कोटाचं बटण वापरलं.
खोक्यावर लिहिलंय चाळीस मिनिटं,
धादांत खोटं.
नियम एकतीस अर्धवट लिहिलेला आहे,
कृपा करून तो कुणी दुरुस्त करू नये.
पेपर अर्धा तारा छापत नाही,
म्हणून तीन.

भिडू: तीन ते पाच.
वय: दहाच्या पुढे.
गॅस बंद करून मग बसावं.